उद्यमबागेवरचे आकाश

बेळगावचे तिसरे रेल्वे फाटक ओलांडून खानापूरचा रस्ता धरला म्हणजे थोड्याच अंतरावर उद्यमबाग लागते. नावात बाग असली तरी वाचकांनी येथे फुलाफळांची अपेक्षा धरू नये. येथे पिकते ते ओतीव लोखंड. तापल्या वाळूचा, तेलाचा आणि कोळशाच्या धुराचा मिश्र वास, लेथवर सुटणाऱ्या चकचकीत चकत्या, पाळी बदलताना मजगाव, अनगोळ, पिरनवाडी, मच्छे या गावांकडे वळणाऱ्या सायकली आणि आता मोटारसायकली, हाच येथला ऋतुक्रम. पंप, झडपा, क्रँकशाफ्ट, तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रे असा माल येथून देशभर जातो. एकाच वाक्यात अर्धे मराठी आणि अर्धे कानडी बोलून कोणाचेही काम अडत नाही, हेही या वसाहतीचे एक वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

आमचे अप्पा येथल्या एका फाउंड्रीत तीस वर्षे मोल्डर होते. वाळूच्या पेटीत पॅटर्न बसवावा, वाळू ठोकावी, पॅटर्न अलगद उचलावा, आणि मागे राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतू द्यावा. साच्याचा कोपरा नखाएवढा जरी ढासळला तरी सारा माल वाया. त्यामुळे अप्पांचा स्वभावही नेमका झाला होता. बोललेला शब्द आणि ओतलेला रस, दोन्ही परत घेता येत नाहीत, असे ते मानीत.

गेल्या हिवाळ्यात आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही याच भागात क्षेत्रभेटीस गेलो होतो. भट्टीचे दर्शन झाले, रस ओतताना उडणाऱ्या ठिणग्या पाहून मुले दोन पावले मागे सरली, वह्यांत टिपणेही झाली. परतताना कामगारांच्या खोल्यांच्या रांगेपाशी एक मुलगा थबकला. पत्र्यांवर प्रत्येक खोलीची एक अशा टीव्हीच्या ताटल्या बसवलेल्या होत्या. त्याने विचारले, "सर, ह्या सगळ्या ताटल्या एकाच बाजूला तोंड करून का बसल्यात?"

प्रश्न मोलाचा होता. आम्ही पडलो मराठीचे एम.ए.; तथापि शासकीय शाळेतल्या मुख्याध्यापकाला रजेवरच्या प्रत्येक शिक्षकाचा तास घ्यावा लागत असल्यामुळे तो हळूहळू सर्व विषयांचा जाणकार होतो, निदान तसा चेहरा तरी करू शकतो. ताटल्या आग्नेयेकडे पाहत होत्या. घरोघरी कार्यक्रम पोचवणारे आजचे बहुतेक उपग्रह बेळगावच्या मानाने पूर्वेला, म्हणजे ८३, ९३ किंवा त्याहून अधिक रेखांशांवर विषुववृत्ताच्या माथ्यावर उभे आहेत. म्हणून आमच्या गावी सर्व ताटल्यांची तोंडे तिकडे. एवढे सांगून भागले असते. परंतु त्या मुलाने पुढे विचारले, "उभे आहेत म्हणजे? पडत कसे नाहीत?" आणि मग रस्त्याकडेच्या झाडाखाली आमचा तास सुरू झाला.

पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू जितकी उंच तितकी तिची फेरी लांबते. चारपाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह दीड तासात पृथ्वीला वळसा घालतो. चंद्राला सुमारे २७ दिवस लागतात. या दोहोंच्या दरम्यान अशी एक उंची असलीच पाहिजे की जेथे एका फेरीला पृथ्वीच्या स्वतःच्या फेरीइतकाच वेळ लागेल. ती उंची आहे सुमारे ३६ हजार किलोमीटर. तेथे विषुववृत्तावर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने वळत असल्यामुळे खालून पाहणाऱ्याला जागच्या जागी खिळलेला वाटतो. जत्रेतल्या पाळण्यात समोरासमोर बसलेल्या दोघांना एकमेकांची जागा बदललेली दिसत नाही, तसेच हे. ही उंची वापरून साऱ्या जगात संदेश पोचवता येतील, तीन उपग्रह त्यासाठी पुरतील, असे आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने ऑक्टोबर १९४५ मध्ये एका रेडिओविषयक मासिकात लिहिले. त्या काळचे रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हवर चालत आणि ते वारंवार जळत. म्हणून आकाशातल्या त्या ठाण्यांवर माणसे राहतील, अशी क्लार्क यांची कल्पना होती. पुढे ट्रान्झिस्टर निघाला आणि आकाशातली ती वस्ती रद्द झाली.

लेखानंतर बारा वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक वर गेला. १९६२ च्या जुलैत टेलस्टार या अमेरिकन उपग्रहाने अटलांटिक महासागरापलीकडे दूरचित्रवाणीचे चित्र पोचवले. पण तो खालून भराभर फिरणारा, काही मिनिटांतच क्षितिजाआड जाणारा. १९६४ मध्ये सिन्कॉम-३ स्थिर कक्षेत उभा राहिला आणि टोकियोचे ऑलिंपिक त्याच्यामार्फत अमेरिकेला दिसले. ६ एप्रिल १९६५ रोजी 'अर्ली बर्ड' निघाला. कक्षेत त्याचे वजन चाळीस किलोंच्या आत, आणि त्याच्यावरून एका वेळी २४० दूरध्वनी संभाषणे चालत. दूरध्वनीचा व्यापार आकाशातून करणारा हा पहिला.

उपग्रह करतो तरी काय? तो खालून आलेला संदेश ऐकतो, त्याची ताकद वाढवतो आणि खाली परत फेकतो. मात्र ज्या कंप्रतेवर ऐकतो तिच्यावर बोलत नाही, कारण तसे केल्यास स्वतःच्याच आवाजात त्याला खालची कुजबुज ऐकू येणार नाही. आमच्या लहानपणी दवंडी देणारा माणूस आधी चावडीत कान देऊन ऐके आणि मग चौकात येऊन ओरडे. दोन्ही कामे तो एकाच जागी उभा राहून करीत नसे. ही उपमा मुलांना पटली, जरी त्यांनी दवंडी पाहिलेली नाही.

आरंभीचे उपग्रह इतके दुबळे की त्यांचे बोलणे टिपायला जमिनीवर राक्षसी कान लागत. असा एक कान आपल्या महाराष्ट्रातच, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वी येथे सत्तरच्या दशकाच्या आरंभी उभा राहिला. त्या वर्तुळाकार पात्राचा व्यास २९.७ मीटर, म्हणजे जवळजवळ शंभर फूट. भारतातून परदेशी जाणारी दूरध्वनी संभाषणे हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे येथून चढू लागली. ३० डिसेंबर १९७१ रोजी विक्रम साराभाई वारले. त्यांच्या स्मरणार्थ या केंद्राला 'विक्रम' नाव मिळाले. शिवनेरीच्या परिसरातील त्या शेतांमधून आपले शब्द आकाशात जात, याची त्या काळी किती जणांना जाणीव असेल?

साराभाईंचा हट्ट असा की हे तंत्र आधी खेड्याच्या कामी यावे. त्यातून १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा वर्षभराचा 'साइट' प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह भारताच्या वाट्याला आला आणि सहा राज्यांतील २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरचित्रवाणी दिसू लागली. कर्नाटकातून निवडले गेलेले जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. म्हणजे शेजारच्या जिल्ह्यापर्यंत आकाश आले, आणि बेळगाव राहिले! खेड्यातली ताटली तीन मीटरची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची. स्वस्त आणि खेड्यात दुरुस्त करता येणारी. प्रयोगाचे व्यवस्थापक होते एकनाथ चिटणीस, १९२५ साली आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले. कार्यक्रम हिंदी, उडिया, तेलुगू व कन्नड भाषांत होते. महाराष्ट्र प्रयोगात नसल्यामुळे मराठी नव्हती. आम्हा शिक्षकांना विशेष वाटते ते हे की, याच प्रयोगात जवळपास पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे धडे आकाशातून देण्यात आले. एक संच क्लार्क यांच्या कोलंबोच्या घरी भारतीय अभियंत्यांनी बसवून दिला, हाही एक न्यायच होता.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. १९ जून १९८१ रोजी युरोपच्या एरियान अग्निबाणावरून आपला 'ॲपल' उपग्रह गेला. त्याची चाचणी घेताना त्याला बैलगाडीवर चढवल्याचे छायाचित्र जगभर गाजले. त्यात दारिद्र्य शोधणाऱ्यांना हे ठाऊक नसते की, धातूचे वाहन चाचणीत अडथळा आणील म्हणून लाकडी गाडी मुद्दाम निवडली होती. १० एप्रिल १९८२ चा इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर यानातून गेलेल्या इन्सॅट-१बी ने मात्र देशाचे चित्र पालटले. १९८४ मध्ये काही काळ तर दिवसाला एक या वेगाने दूरदर्शनची प्रक्षेपण केंद्रे उघडत होती. या उपग्रहांची लगाम आपल्याच राज्यात, हासन येथे.

येथे उद्यमबागेच्या आकाशाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. इन्सॅट-१बी उभा होता पूर्व रेखांश ७४ अंशांवर. बेळगाव आहे साडेचौऱ्याहत्तरवर! म्हणजे तो आमच्या जवळजवळ नेमक्या दक्षिणेस, मालदीव बेटांशेजारच्या समुद्राच्या माथ्यावर होता. क्षितिजापासून मोजल्यास सुमारे ७१ अंश उंच, म्हणजे जवळपास डोक्यावर. त्याच्याकडे वळवलेली जाळीची ताटली आमच्या गावात परातीसारखी उताणी पडलेली दिसे. युरोपात तीच भिंतीला टेकल्यासारखी उभी असते. खानापूर रस्त्याच्या दिशेने पाहावे आणि मान पुरती वर करावी, तेथे तो.

पुढे १५ ऑगस्ट १९९४ ला दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावर आली, जिला २००० मध्ये 'सह्याद्री' नाव मिळाले. आमच्या गल्लीत केबल आली तेव्हा मुंबईच्या मराठी बातम्या अप्पा भाकरी मोडता मोडता ऐकू लागले. उपग्रहाला राज्याची हद्द दिसत नाही. त्याची छाया पडेल तेथवर त्याची भाषा पोचते. त्याआधी रेडिओला कान लावून सांगली केंद्र शोधण्यात संध्याकाळी गेलेली आम्हांला आठवतात.

पण आमच्या घराचे आणि उपग्रहाचे नाते त्याहून जुने, आणि फार सुखाचे नाही.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, आय.टी.आय. करून उद्यमबागेत टर्नर होते. १९८८ मध्ये ते मस्कतला गेले. आमच्या घरी दूरध्वनी कोठला? अप्पांच्या फाउंड्रीच्या कचेरीत एक काळा फोन होता. दादा पत्राने वार आणि वेळ कळवीत आणि आम्ही त्या वेळी कचेरीतल्या बाकावर जाऊन बसत असू. १९८९ च्या फेब्रुवारीत ताईचे लग्न ठरले. मे महिन्यातला मुहूर्त निघाला. दादांचा फोन आला. अप्पांनी ख्यालीखुशाली न विचारता थेट विचारले, "लग्नाला येणार न्हवं?"

पलीकडे शांतता. फार नाही, श्वास घ्यावा एवढीच. अप्पांनी पुन्हा विचारले, "येणार न्हवं रे?" आणि त्याच क्षणी दादांचे काही शब्द आले, ते अर्धेच. मग दोघेही एकदम बोलले, मग दोघेही एकदम थांबले. शेवटी "येतो की अप्पा" असे स्पष्ट ऐकू आले खरे. अप्पांनी रिसीव्हर ठेवला. घरी येताना मजगावच्या वाटेवर ते एवढेच म्हणाले, "बहिणीच्या लग्नाला येतो म्हणायला पोरगा थांबला."

दादा आले. सोन्याचे दागिने आणले, मांडवात राबले, पंगती वाढल्या. परंतु अप्पांच्या मनातला साचा एकदा ढासळला तो ढासळलाच. नंतरच्या प्रत्येक फोनवर त्यांना ती शांतता ऐकू येई. "विचार करून बोलतो माझ्याशी," असे ते आईला म्हणत. फोनही आखडते होत गेले. २००१ साली अप्पा गेले.

उद्यमबागेत गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय १९७९ पासून आहे आणि त्याच रस्त्याने पुढे मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. २० सप्टेंबर २००४ रोजी 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणासाठी घडवलेला उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या योजनेची पहिली चाचणी ज्या मोजक्या विद्यापीठांनी घेतली त्यांत हे आमचे बेळगावचे विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होते. एज्युसॅटही ७४ अंशांवरच होता, उद्यमबागेच्या त्याच आकाशात. २०१० मध्ये त्याची सेवा संपली. २००५ मध्ये एका महाविद्यालयात असा तास पाहण्याची संधी आम्हांला मिळाली. पडद्यावर दूरच्या वर्गातले प्राध्यापक होते. एका मुलीने माइकवरून प्रश्न विचारला. प्राध्यापक निर्विकारपणे समोर पाहत राहिले, श्वास घ्यावा एवढा वेळ, आणि मग हसून उत्तर देऊ लागले.

ती शांतता आम्ही ओळखली. शेजारच्या तंत्रज्ञ तरुणाला विचारले, तर तो म्हणाला, "सर, प्रश्न वर जायला छत्तीस हजार किलोमीटर, खाली यायला छत्तीस हजार. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख. म्हणजे पाव सेकंद गेला. उत्तराला पुन्हा पाव. अर्धा सेकंद कुणी काही केलं तरी वाचत नाही." आम्ही जुन्या परदेशी फोनांविषयी विचारले. तो म्हणाला, "तेच. शिवाय स्वतःचा आवाज परत ऐकू येऊ नये म्हणून लाइनवर रोधक असायचे. दोघं एकदम बोलले की एकाचे शब्द कापले जायचे."

घरी येऊन आम्ही कागदावर आकडेमोड केली. मस्कतहून उपग्रह, उपग्रहावरून बहुधा आर्वी, आर्वीहून मुंबई, मुंबईहून बेळगाव, आणि फाउंड्रीच्या कचेरीतला काळा फोन. अर्धा सेकंद. त्याच रात्री दादांना फोन लावला. सारे ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. ही शांतता मात्र उपग्रहाची नव्हती. मग म्हणाले, "मला वाटायचं अप्पाच थांबून थांबून बोलतात. रागावलेत म्हणून मी फोन लवकर ठेवायचो."

आम्हांला हे सुचलेच नव्हते. विलंब दोन्ही टोकांना सारखाच असतो.

आता परदेशी संभाषणे समुद्रतळाच्या काचतंतूंतून जातात. मस्कत ते मुंबई हे अंतर उपग्रहाच्या वाटेपुढे काहीच नाही, त्यामुळे तो विलंब कानाला कळतही नाही. साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या हजारो छोट्या उपग्रहांची नवी पद्धत निघाली आहे. तिच्यातही तो जवळजवळ उरलेला नाही. ३६ हजार किलोमीटरवरचे उपग्रह आपले दूरचित्रवाणी आणि हवामानाची चित्रे पाहत आहेत. ते इतके बलवान झाले की शंभर फुटी पात्राऐवजी पत्र्यावरची ताटली पुरते. उद्यमबागही जागी राहिलेली नाही. २०२३ मध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा त्याचे काही भाग बेळगावच्या सर्वो कंट्रोल्स या उद्योगाने पुरवल्याचे वर्तमानपत्रांत वाचून आमच्या शाळेत टाळ्या झाल्या.

दादा निवृत्त होऊन मजगावात राहतात. मार्चच्या तेरा-चौदा तारखेला, दुपारी पाऊण वाजण्याच्या सुमारास, बेळगावहून पाहता सूर्य नेमका ७४ अंशांवरच्या त्या जागेमागे येतो; अशा दिवसांत काही मिनिटे उपग्रहाचे बोलणे सूर्याच्या गोंगाटात बुडून जाते. यंदा त्या दिवशी आम्ही त्यांना मुद्दाम उद्यमबागेत नेले. कारखान्यांची जेवणाची सुट्टी झाली होती; माणसे डबे घेऊन सावलीला बसली होती. अप्पांच्या फाउंड्रीच्या जागी आता दुसरेच शेड आहे. आम्ही खानापूरच्या बाजूला तोंड करून वर बोट दाखवले. दादांनी कपाळावर हात धरून डोळे बारीक केले.

"आपला फोन इथूनच जायचा?"

"नाही, हा एज्युसॅटचा ठाव. फोनचे उपग्रह आणखी पश्चिमेला, साठ ते सहासष्ट अंशांच्या पट्ट्यात. सूर्याला तिथं पोचायला अजून पाऊण तास लागेल."

दादांनी घड्याळ पाहिले आणि शेडच्या सावलीतल्या कट्ट्यावर बसले.

"मग थांबूया की," ते म्हणाले.